स्फटिकांतील स्थानभ्रंश आणि धातूंचे घडणे

चरख्याचे चाते किंचित वाकले तरी सूत थरथरू लागते व पुन्हा पुन्हा तुटते. वर्धा जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते. १९३७ च्या ऑक्टोबरात याच शहरी भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर टकळी शाळकरी मुलांच्या हाती आली, आणि १९३८ च्या अखेरीस मगन संग्रहालय उघडले. सूत कातणाऱ्या प्रत्येकाला चात्यासंबंधी एक गोष्ट ठाऊक असते. ते बोटांनी हलकेच वाकवून सोडले तर आपोआप सरळ होते. त्याहून थोडे अधिक वाकवले तर वाकलेलेच राहते. या दोन अवस्थांमध्ये पोलादाच्या अंतर्भागात नेमके काय घडले? चाते तुटलेले नाही, त्याचे वजन घटलेले नाही, त्याचे पोलादही बदललेले नाही. केवळ आकार बदलला आहे, आणि तो कायमचा बदलला आहे. धातूंच्या या गुणावरच लोहाराचा, तांबटाचा व पोलादाच्या कारखान्याचा सारा व्यवसाय उभा आहे. तरीही त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. विशेष म्हणजे ग्रामोद्योग संघ ज्या वर्षी स्थापन झाला, त्याच १९३४ साली या स्पष्टीकरणाचा पाया घातला गेला.

धातू हे स्फटिकमय पदार्थ आहेत, हे प्रथमदर्शनी पटत नाही. स्फटिक म्हटले की मिठाचा किंवा तुरटीचा खडा डोळ्यांसमोर येतो; पोलादाच्या सळईत तशी पैलूदार रचना दिसत नाही. परंतु जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली उजेडात धरून पाहिल्यास तिच्यावर फुलासारखी किंवा पर्णासारखी जी नक्षी दृष्टीस पडते, ती जस्ताच्या स्फटिककणांचीच होय. प्रत्येक ठिपका हा एक स्वतंत्र कण असून त्यातील अणूंच्या ओळी शेजारच्या कणातील ओळींहून निराळ्या दिशेने मांडलेल्या असतात. तांबे व लोखंड यांचीही घडण अशीच असते, फक्त त्यांचे कण फार बारीक असल्यामुळे ते पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतो. कणाच्या आत अणूंची मांडणी अत्यंत शिस्तीची असते. तांब्यात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर व सहा पृष्ठांच्या मध्यबिंदूंवर बसलेले असतात. सामान्य तापमानाच्या लोखंडात ते आठ कोपऱ्यांवर व घनाच्या ऐन मध्यभागी असतात. तांब्यातील दोन लगतच्या अणूंमधील अंतर इतके अल्प आहे की एका सेंटिमीटरच्या ओळीत सुमारे चार कोटी अणू मावतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूइंग व रोझेनहाइन या इंग्लंडमधील संशोधकांनी गुळगुळीत घासलेल्या धातूला ताण देऊन तिचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. प्रत्येक कणावर त्यांना समांतर बारीक रेषा उमटलेल्या आढळल्या. या रेषा म्हणजे भेगा नव्हेत, तर पायऱ्या आहेत, हे त्यांनी ओळखले. कणाचा एक थर दुसऱ्यावरून सरकला, की पृष्ठभागावर एक पायरी उमटते. पत्त्यांचा जोड तिरपा ढकलावा तसा हा प्रकार होय. पत्ते जसे सुटे होत नाहीत तसाच स्फटिकही फुटत नाही, आणि सरकल्यानंतर अणू पुन्हा एकमेकांसमोर नीट बसतात. ज्या पातळीवर ही घसर होते तिला घसरप्रतल म्हणतात. अणूंची सर्वांत दाट वस्ती ज्या प्रतलांवर असते, त्यांवरच बहुधा घसर होते. वाकवलेल्या चात्याचे कोडे येथवर सुटल्यासारखे वाटते. किंचित वाकवताना अणू आपल्या जागेवरून थोडे हलतात व परत येतात. अधिक वाकवले की थर सरकतात आणि नव्या जागी स्थिरावतात.

अडचण पुढेच आहे. थर सरकवण्यास किती जोर लागावा, याचा हिशेब १९२६ साली रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल याने केला. एक संपूर्ण थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा, तर त्यातील प्रत्येक अणूला आपल्या खोबणीतून उठून पुढच्या खोबणीत पडावे लागेल, आणि तेही सर्वांना एकाच वेळी. तांब्यासाठी हा हिशेब केल्यास दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७५० किलोग्रॅम इतका कर्तन-जोर लागावा असे निघते. अणूंमधील बलांचा अधिक बारकाईने विचार केला, तर हा आकडा दीडशेच्या आसपास उतरतो. प्रत्यक्षात शुद्ध तांब्याच्या एका सलग स्फटिकात अवघ्या ०.०५ ते ०.१ किलोग्रॅम जोराने घसर सुरू होते. हिशेब व वस्तुस्थिती यांत हजारो पटींची तफावत पडते. एवढ्या तफावतीवर मोजमापातील चुकीचे पांघरूण घालता येत नाही. चुकले होते ते हिशेबामागचे गृहीतच. थर एकदम सरकत नसला पाहिजे.

१९३४ साली टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे गृहीत सोडून दिले. स्फटिकाची मांडणी सर्वत्र निर्दोष नसते, तिच्यात विशिष्ट प्रकारचे रेषारूप दोष असतात, आणि घसर होते ती या दोषरेषा सरकल्यामुळे, असे त्यांनी प्रतिपादन केले. या दोषाला स्थानभ्रंश असे नाव आहे. इंग्रजीतील डिस्लोकेशन ही संज्ञा याआधीच लवचीक पदार्थांच्या गणितात रूढ झाली होती. व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाने १९०७ मध्ये अशा विकृतींचे गणित मांडले होते. मात्र त्याच्या डोळ्यांसमोर अणू नव्हते.

स्थानभ्रंशाचे स्वरूप कपाशीच्या शेतावरून चांगले ध्यानात येते. समान अंतरावर पेरलेली तासे शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत समांतर जातात. त्यांतील एक तास शेताच्या मध्यावरच संपले, तर त्याच्या दोन्ही बाजूंची तासे पुढे एकमेकांकडे थोडी झुकून मधली जागा भरून काढतील. संपलेल्या टोकापासून दूर गेल्यावर सर्व काही पूर्ववत समांतर दिसेल. बिघाड असेल तो फक्त त्या टोकाच्या आसपास. स्फटिकात तासाच्या जागी अणूंचे संपूर्ण प्रतल असते, म्हणून ते ज्या कडेवर संपते ती एक रेषा होते. याला कडेचा स्थानभ्रंश म्हणतात. आता वरच्या भागाला बाजूने ढकलले, की टोकाजवळील शेजारचे तास मध्येच तुटून त्याचा खालचा भाग अर्धवट तासाला जोडला जातो, व तुटलेला वरचा भाग नवे अर्धवट तास होतो. म्हणजे एकही झाड फार हललेले नाही, पण दोष मात्र एका ओळीने पुढे गेला. असे होत होत दोष शेताच्या बांधाशी पोहोचला, की शेताचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याहून एका ओळीने सरकलेला असतो. जे काम सर्व अणूंनी एका क्षणी करावयाचे होते, ते थोड्याथोड्या अणूंनी पाळीपाळीने केले. जोर कमी लागतो तो यामुळे. जाजम ओढत नेण्याऐवजी त्याला एक सुरकुती पाडून ती पुढे सरकवण्याची उपमा पाठ्यपुस्तकांत रूढ आहे आणि ती चुकीची नाही. पण जाजमाची सुरकुती वर उचललेली असते, स्फटिकातील दोषाला मात्र वर उचलले जाण्यास जागा नसते. त्याच्या एका बाजूस अणू दाटीत सापडतात व दुसऱ्या बाजूस विरळ होतात. या दाटी-विरळीचे महत्त्व पुढे कार्बनच्या संदर्भात येईल.

१९३९ साली डच शास्त्रज्ञ बर्गर्स याने दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे मळसूत्री स्थानभ्रंश, दाखवून दिला व दोन्ही प्रकारांना एकाच मापात बसवले. हे माप समजण्यास प्रदक्षिणेची कल्पना उपयोगी पडते. निर्दोष स्फटिकात एका अणूपासून निघून दहा पावले पूर्वेस, दहा उत्तरेस, दहा पश्चिमेस व दहा दक्षिणेस चालले तर निघाल्या जागी परत येणे होते. मध्ये स्थानभ्रंशाची रेषा असेल तर तीच प्रदक्षिणा पुरी करूनही एका पावलाचे अंतर उरते. या उरलेल्या पावलाला बर्गर्स सदिश म्हणतात. ते रेषेला लंब असेल तर स्थानभ्रंश कडेचा असतो. ते रेषेला समांतर असेल, तर प्रदक्षिणा घालणारा गोल जिना चढल्याप्रमाणे एका मजल्याने वर गेलेला असतो; हा मळसूत्री प्रकार होय. प्रत्यक्ष धातूतील रेषा वाकड्यातिकड्या असतात आणि एकाच रेषेचा काही भाग एका प्रकारचा, तर काही दुसऱ्या प्रकारचा असू शकतो. उरलेले पाऊल मात्र सर्व रेषाभर एकच राहते. म्हणूनच स्थानभ्रंशाची रेषा स्फटिकाच्या आत कोठेही तुटून संपू शकत नाही. ती पृष्ठभागाशी जाऊन भिडते, दुसऱ्या रेषांना मिळते किंवा स्वतःशीच मिळून कडे बनते.

ही कल्पना सुमारे वीस वर्षे कागदावरच राहिली, आणि तिच्याविषयी संशय बाळगणारे कमी नव्हते. १९४७ मध्ये ब्रॅग व नाय यांनी साबणाच्या पाण्यावर एकाच आकाराच्या बुडबुड्यांचा तराफा तयार करून त्यात स्थानभ्रंश निर्माण होताना व पळताना दाखवले. ते दृश्य मनोवेधक होते, पण बुडबुडे म्हणजे धातू नव्हे. १९४९ मध्ये फ्रँक याने असे सुचवले की मळसूत्री स्थानभ्रंश जेथे पृष्ठभागाला येऊन मिळतो, तेथे एक न संपणारी पायरी असते व तिच्याभोवती स्फटिक नागमोडी वळणाने वाढतो. भारतीय शास्त्रज्ञ अजित राम वर्मा यांनी लंडन येथे सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकांवर अशी सर्पिल वळणे पाहिली व त्यांविषयी १९५१ मध्ये लिहिले. तीच या सूचनेच्या ठळक पुराव्यांपैकी एक ठरली. वर्मा पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक झाले. निर्णायक पुरावा १९५६ साली आला. केंब्रिज येथे हर्श, हॉर्न व व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पापुद्र्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्थानभ्रंश सरकताना पाहिले, आणि त्याच वर्षी जिनीव्हा येथे बोलमान याला ते न गंजणाऱ्या पोलादात दिसले. ज्या रेषांच्या अस्तित्वाविषयी वाद घातले जात होते, त्या पडद्यावर हालचाल करू लागल्या.

धातू मऊ का असते, हे यावरून कळते. ती घडवताना कठीण का होत जाते, हे मात्र अद्याप सांगावयाचे आहे. तांबटाचे मठारकाम येथे उत्तम उदाहरण ठरते. भांड्याला आकार आल्यावर त्याच्यावर पाठोपाठ बारीक ठोके देऊन ते मठारतात. पृष्ठभागावर चकचकीत खुणांची ओळ उमटते ती शोभेची आहेच, पण मठारलेले भांडे न मठारलेल्या भांड्यापेक्षा ताठ व टिकाऊ होते, हे तांबटाला पूर्वापार माहीत आहे. भांडे घडवता घडवता पत्रा हाताला ‘जड’ लागू लागला, की ते भट्टीत लालसर होईपर्यंत तापवतात. तो पुन्हा मऊ होतो व काम पुढे सुरू होते. घरच्या घरी याची प्रचिती घेणे सोपे आहे. विजेच्या तारेतील जाड तांबे ज्योतीवर लाल करून निववावे. ते बोटांनी सहज वाकते. तेच पुन्हा सरळ करू गेल्यास जोर लागतो, आणि तिसऱ्या वेळी बोटे दुखतात.

याचे कारण स्थानभ्रंशांची संख्या होय. त्यांची दाटी मोजताना एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राला किती रेषा छेदून जातात ते पाहतात. तापवून मऊ केलेल्या धातूत ही संख्या साधारणतः दहा लाख ते दहा कोटी असते. ठोकून किंवा लाटून घट्ट झालेल्या धातूत ती दहा हजार कोटी ते एक लाख कोटींपर्यंत जाते. दुसऱ्या रीतीने सांगायचे, तर मठारलेल्या तांब्याच्या एका घन सेंटिमीटरात असलेल्या सर्व स्थानभ्रंशरेषा टोकाला टोक जोडून मांडल्या, तर त्यांची लांबी एक कोटी किलोमीटरपर्यंत भरू शकते. पृथ्वी व चंद्र यांमधील अंतराच्या ती सुमारे पंचवीस पट आहे. इतक्या रेषा येतात कोठून, या प्रश्नाचे उत्तर फ्रँक व रीड यांनी १९५० मध्ये दिले. दोन टोकांना अडकलेला स्थानभ्रंशाचा तुकडा जोर पडताच धनुष्यासारखा फुगतो, फुगत फुगत आपल्या अडकलेल्या टोकांच्या मागे वळतो, आणि तेथे त्याचे दोन हात एकमेकांना भेटून एक पूर्ण कडे सुटे होते. मूळ तुकडा जागच्या जागी शिल्लक असतोच. तो पुन्हा फुगू लागतो. एकाच उगमातून अशी कड्यांमागून कडी निघू शकतात.

संख्या वाढली की या रेषा एकमेकींच्या वाटेत येतात. निरनिराळ्या प्रतलांवरून जाणाऱ्या रेषा एकमेकींना छेदतात, गाठी बसतात, काहींचा गुंता होतो, आणि पुढच्या रेषेला त्या गुंत्यातून वाट काढण्यास अधिक जोर लागतो. प्रतिकार हा स्थानभ्रंशांच्या दाटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम टेलरच्या १९३४ च्या लेखातच सूचित झाला होता. तांब्यासाठी आकडे घातले तर, दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी रेषा असताना प्रतिकार सुमारे ०.१२ किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटर येतो. दहा हजार कोटी रेषा झाल्या, म्हणजे संख्या दहा हजार पटींनी वाढली, की तो शंभर पटींनी वाढून १२ होतो. ढोबळ हिशेब असूनही तो वस्तुस्थितीशी बराच जुळतो. म्हणजे स्थानभ्रंश थोडे असले की धातू मऊ, फार झाले की कठीण, आणि मुळीच नसले तर सर्वांत बळकट. हा तिसरा प्रकारही निसर्गात आढळतो. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हेरिंग व गॉल्ट यांनी कथिलावर आपोआप वाढणारे केसासारखे बारीक स्फटिक वाकवून पाहिले. इतर कथील ज्या विकृतीच्या अल्पांशानेही कायमचे वाकते, तेवढी सोसून ते पुन्हा सरळ होत.

धातू ठोकताना खर्च होणारी बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. सुमारे दशमांश मात्र या गुंत्यात साठून राहते. भट्टीची उष्णता या साठ्याला वाट करून देते. तापमान चढले की आधी काही रेषा परस्परांना नाहीशा करतात, काही नीट भिंती करून बसतात, आणि मग जवळजवळ निर्दोष असे नवे कण जुन्या कणांना गिळत वाढतात. तांबटाचा पत्रा मऊ होतो तो या नव्या कणांमुळे.

वाकलेले चाते ठोकून सरळ करणाऱ्याने हे ध्यानी घ्यावयास हवे की सरळ झालेले चाते म्हणजे पूर्वीचे चाते नव्हे. वाकवण्याने ज्या रेषा निर्माण झाल्या त्या सरळ करण्याने परत जात नाहीत. उलट त्यांत नव्यांची भर पडते. आणखीही एक गोष्ट आहे. म्यूनिक येथील बाउशिंगर याला १८८० च्या दशकात असे आढळले की एका दिशेने ताणलेली धातू उलट दिशेने अपेक्षेपेक्षा कमी जोराला वश होते. अडथळ्यांपाशी एकामागे एक दाटीने उभ्या राहिलेल्या रेषांना मागे फिरण्यास थोडा धक्का पुरतो, हे त्याचे कारण. म्हणून सरळ केलेले चाते पहिल्या वेळी ज्या बाजूस वाकले, त्याच बाजूस पुन्हा वाकण्याकडे त्याचा कल असतो. शेवटची ठोक नेहमी उलट दिशेने बसलेली असते ना!

लोखंडाची गोष्ट तांब्याहून निराळी होते ती कार्बनमुळे. लोखंडाच्या जालकात कार्बनचा अणू मुळात दाटीने बसतो. कडेच्या स्थानभ्रंशाच्या ज्या बाजूस अणू विरळ असतात तेथे त्याला ऐसपैस जागा मिळते, आणि संधी मिळताच तो तेथे जाऊन वस्ती करतो. नायट्रोजनचे अणूही असेच वागतात. स्थानभ्रंशाभोवती अशा पाहुण्यांचे दाट वलय जमले की तो जखडला जातो. १९४९ मध्ये कॉट्रेल व बिल्बी यांनी मांडलेल्या या उपपत्तीने मृदू पोलादाच्या एका जुन्या खोडीचा उलगडा झाला. असे पोलाद ताणताना प्रथम बराच जोर सोसते, मग एकाएकी नमते व कमी जोरालाही वाढत जाते. पत्रा दाबून भांडे किंवा दरवाजा करताना हीच खोड पृष्ठभागावर वेड्यावाकड्या पट्ट्यांच्या रूपाने उमटते, व रंग दिल्यावरही त्या लपत नाहीत.

वर्ध्याजवळ भूगाव येथे पोलादाचा कारखाना असून तेथे पत्रा लाटला जातो. शीत लाटणीनंतर मऊ केलेला पत्रा बाहेर पाठवण्याआधी त्याला रुळांमधून आणखी एकदा अत्यंत हलकी दाब देण्याची रीत पोलाद-उद्योगात सर्वत्र आहे. जाडी जेमतेम एखाद्या टक्क्याने कमी होते. पण तेवढ्याने पुष्कळसे नवे, मोकळे स्थानभ्रंश निर्माण होतात व पट्ट्यांची खोड जाते. ती कायमची मात्र जात नाही. पत्रा गोदामात पडून राहिला की कार्बन व नायट्रोजन हळूहळू सरकत नव्या स्थानभ्रंशांनाही गाठतात. हे सरकणे तापमानावर फार अवलंबून असते. कार्बनच्या अणूला लोखंडात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यास जी ऊर्जा लागते, तिच्यावरून हिशेब केल्यास २५ अंश सेल्सिअसच्या मानाने ४५ अंशांना हा वेग सुमारे आठपट होतो. नायट्रोजनसाठी तो सातपट येतो. विदर्भाच्या वैशाखात ४५ अंश ही काही अपवादाची गोष्ट नाही, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली पारा त्याहूनही वर जातो. थंड देशात दोन महिने निर्धास्त ठेवता येणारा पत्रा येथे उन्हाळ्यात आठवडाभरात तितकाच ‘जुना’ होईल. आयात केलेल्या पुस्तकांतील साठवणुकीच्या मुदती येथे जशाच्या तशा लागू करणे म्हणूनच धोक्याचे. यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियम, टिटॅनियम यांसारखी मूलद्रव्ये पोलादात मिसळून कार्बन-नायट्रोजनला आधीच बांधून टाकतात.

गावच्या लोहाराचे ‘पाणी देणे’ हाही कार्बन व स्थानभ्रंश यांचाच व्यवहार आहे. तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की कार्बनला बाहेर पडण्यास वेळ मिळत नाही. जालक ओढले जाऊन विकृत होते, त्यात स्थानभ्रंशांची प्रचंड दाटी होते व एकही सहजी हलू शकत नाही. विळा धारेला पक्का होतो, पण ठिसूळही होतो. म्हणून लोहार त्याला पुन्हा बेताने ऊब देतो. या परंपरेचे मूळ विदर्भात फार खोल गेले आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली, आणि वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथील शिलावर्तुळे त्याच महापाषाणीय संस्कृतीची आहेत.

ज्या ऐरणीवर तांबे पसरते, तिच्यावर याच जिल्ह्यातील काळा दगड ठेवून घण घातला तर त्याचे तुकडे होतात. बेसाल्टही स्फटिकमयच आहे, आणि त्याच्या स्फटिकांतही स्थानभ्रंश असतात. फरक बंधांच्या स्वरूपात आहे. धातूत अणूंना बांधणारे इलेक्ट्रॉन सामायिक व मोकळे असल्याने शेजारी बदलला तरी बंध टिकतो. सिलिकेट खनिजांत बंध ठरावीक अणूंमध्ये व ठरावीक दिशांनी असतात, ते मोडून पुन्हा जोडणे सामान्य तापमानास जवळजवळ अशक्य असते. स्थानभ्रंश हलण्याआधीच भेग पुढे जाते. भूपृष्ठाखाली हजार अंशांहून अधिक तापमानात मात्र अशीच खनिजे स्थानभ्रंशांच्या आधारे कोट्यवधी वर्षे संथपणे वाहत असतात.

स्थानभ्रंशांचे सर्वांत कठोर परीक्षण मात्र रेल्वेच्या रुळांवर होते. वर्धा व सेवाग्राम या लगतच्या स्थानकांपाशी मुंबई-हावडा मार्ग व दिल्ली-चेन्नई मार्ग यांची गाठ पडते, त्यामुळे येथे सांध्यांची व क्रॉसिंगांची गर्दी आहे. क्रॉसिंगवर एक रूळ दुसऱ्याला छेदतो. चाकाची कड पार व्हावी म्हणून तेथे रुळात खाच ठेवावी लागते, आणि प्रत्येक चाक ती खाच ओलांडून पलीकडच्या नाकासारख्या टोकावर आदळते. एका मालगाडीला दोनशेहून अधिक आस असतात. असे आघात सोसण्यासाठी वर्दळीच्या मार्गांवर ओतीव मँगॅनीज पोलादाची क्रॉसिंगे वापरली जातात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड याने १८८२ मध्ये शोधलेल्या या पोलादात सुमारे १२-१३ टक्के मँगॅनीज व सव्वा टक्क्याच्या जवळपास कार्बन असतो. लोहचुंबक त्याला धरत नाही, कारण त्यातील अणूंची मांडणी सामान्य लोखंडासारखी नसून तांब्यासारखी असते. कारखान्यातून येते तेव्हा ते मऊ, म्हणजे ब्रिनेल मापाने सुमारे २०० कठिणतेचे असते. चाके जसजशी आदळतात तसतशी त्याच्या पृष्ठथरात स्थानभ्रंशांची दाटी होते, शिवाय स्फटिकाचे पातळ पट्टे आरशातल्या प्रतिमेसारखे उलटून त्यांच्या वाटा अडवतात, आणि कठिणता ५०० पर्यंत चढते. आतील भाग मऊ व चिवटच राहतो. मठारण्याचे जे काम तांबट हातोडीने करतो ते येथे गाड्या करतात. ज्या लोहमार्गाची झीज व्हावयाची, त्यालाच ती झीज करणारी चाके काही काळ बळकट करतात.

हे बळ अमर्याद नाही. आघात लाखो वेळा झाला की स्थानभ्रंशांची पुढे-मागे होणारी हालचाल पूर्णपणे उलटत नाही. ती काही अरुंद पट्ट्यांत एकवटते, पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे व खाचा तयार होतात, आणि त्यांपैकी एखादी खाच भेगेचे रूप घेते. यूइंग व हम्फ्री यांनी १९०३ मध्येच लोखंडात ही क्रमवारी टिपली होती: प्रथम रेषा, मग रुंद पट्टे, मग भेग. मूळ मजबुतीच्या कितीतरी खालचा भारही पुन्हा पुन्हा येत राहिला तर धातूला थकवतो, तो याच वाटेने. सामान्य रुळांतील अशा भेगा श्रवणातीत ध्वनीच्या लहरी सोडून शोधता येतात व रेल्वेत तशी तपासणी नियमितपणे होते. ओतीव मँगॅनीज पोलादात मात्र स्फटिककण इतके मोठे असतात की लहरी कणसीमांवर विखुरतात आणि भेगेचा प्रतिध्वनी त्या गोंधळात हरवतो. तेथे पृष्ठभाग स्वच्छ करून डोळ्यांनी किंवा भेगेत शिरणाऱ्या रंगद्रवाच्या साहाय्याने तपासावे लागते, आणि रुळांवरून रोज पायी फेरी घालणाऱ्या की-मॅनच्या नजरेवर बरेचसे अवलंबून राहते.